'झीनत' आणि बायकांची कव्वाली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, बालसंगोपन, काटकसर अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. मी मात्र आज एका जुन्या उर्दू बोलपटाविषयी चार शब्द बोलणार आहे. विषय करमणुकीचा वाटेल. पण ऐकून घ्या, तो आपल्या घरातलाच आहे.

बोलपटाचे नाव 'झीनत'. १९४५ साली तो मुंबईत तयार झाला. दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवी आणि नायिका त्यांची पत्नी, गायिका नूरजहाँ. पडद्यावरचे घर मुसलमान कुटुंबाचे, बोलणे उर्दू. दुःख मात्र आपल्या वाड्यांनाही परके नाही. झीनतचे लग्न होते आणि थोड्याच काळात पती जातो. पुढे तिला दिवस गेल्याचे कळते, तेव्हा सासरी संशय उभा राहतो. तिच्या बाजूने बोलू शकला असता असा एकच माणूस, आणि तोच हयात नाही! मग तिचा शब्द कोण मानणार? तरुण वधूपासून वयात आलेल्या मुलीच्या आईपर्यंतची ही भूमिका नूरजहाँने केली, तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती.

याच बोलपटात एक कव्वाली आहे. कव्वाली म्हणजे दर्ग्यातले, मैफलीतले पुरुषांचे गाणे. एकाने ओळ टाकायची, साथीदारांनी ती उचलायची आणि टाळ्यांनी ठेका धरायचा. 'झीनत'मध्ये ही बैठक बायकांनी मांडली. नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी अशा तिघींचे आवाज त्यात आहेत. बोलपटात स्त्रियांच्या आवाजातली ही पहिली कव्वाली मानली जाते. आपल्याला त्यात नवल वाटू नये. मंगळागौरीला एकीने गाणे उचलावे आणि बाकीच्यांनी झेलावे, हे आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहोत. फरक इतकाच, की आपले गाणे माजघरात राहिले आणि त्यांचे गावोगावच्या थिएटरांत घुमले.

त्या बैठकीत पडद्यावर बसलेल्या मुलींत एक आपली सोलापूरची होती, शशिकला जवळकर. वडिलांचा व्यवसाय बुडाला, म्हणून कुटुंब मुंबईस आले आणि कोवळ्या वयात ती काम शोधत स्टुडिओंचे उंबरे झिजवू लागली. मराठी घरातल्या या मुलीला उर्दूचा सराव कोठून असणार? पण नूरजहाँच्या नजरेस ती पडली आणि कव्वालीत तिला जागा मिळाली. त्या कामाचे २५ रुपये मिळाले, असे त्या पुढे सांगत. 'आरती' आणि 'गुमराह' या चित्रपटांतील भूमिकांसाठी पारितोषिके मिळविणाऱ्या शशिकलाबाई त्या याच. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ साली त्या निवर्तल्या. नूरजहाँ १९४७ साली पाकिस्तानात गेली आणि २००० साली कराचीत वारली. देश दोन झाले, गाणे मात्र दोन्हीकडे राहिले.

भगिनींनो, मला या बोलपटातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. एकट्या झीनतचा शब्द घरातल्या घरात खोटा ठरतो. आणि त्याच बोलपटात चार जणी एकत्र बसून गातात, तेव्हा सारे थिएटर कान देऊन ऐकते. बाईचा आवाज मुळात लहान नसतो. त्याला साथीची टाळी लागते.

आपल्या मंडळात सहली होतात, हळदीकुंकू होते, विणकामाचे वर्गही होतात. ते व्हावेतच. पण कोपऱ्यात बसणारी, चहा न घेता लवकर उठून जाणारी एखादी भगिनी कधी बोलू लागली, तर 'याला पुरावा काय गं?' असा प्रश्न आपल्या तोंडून आधी निघू नये. तो प्रश्न विचारणारे तिच्या घरी पुष्कळ असतात. आपण आधी ऐकावे, मग सल्ला द्यावा, आणि गरज पडल्यास तिच्याबरोबर चार पावले चालावे. मंडळ त्यासाठी आहे.