शहरातला पाहुणचार



परवा रात्रीच्या वर्गात एका ताईंनी मला विचारले, "गुरुजी, आपण नागपूरला जातो ते दवाखान्यासाठी. नाही तर कोर्टासाठी. नुसते मजेने कधी जायचेच नाही काय?"

प्रश्न मोठा चांगला आहे. आपण वर्षभर राबतो. बैलालाही पोळ्याला विसावा मिळतो. मग माणसाने चार दिवस विसावा घेतला तर त्यात पाप नाही. पण शहरात जायचे कसे, खायचे काय, कुणाकडे उतरायचे आणि उतरल्यावर वागायचे कसे, हे ठाऊक हवे. मी मागे एकदा असा गेलो होतो. तेव्हा माझी एक चूक झाली. तीच आज तुम्हांला सांगतो.

मार्गशीर्षाचा महिना होता. कापसाची पहिली वेचणी विकली गेली होती. आई म्हणाली, "भावाच्या पोराकडे नागपूरले जाऊन येऊ." आई, बायको आणि मी निघालो. यवतमाळहून कळंब, वर्धा करीत एस.टी.ने नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर पडते. २०२३ सालापासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. म्हणून दोघी मिळून एका तिकिटात गेल्या.

निघण्याआधी मी मामेभावाला फोन केला. तो माझ्याहून मोठा. मी त्याला दादा म्हणतो. मी थट्टेने म्हणालो, "दादा, भाकर खाऊन कंटाळलो. आता शहरातले हॉटेलचे जेवण खाऊ घाला बरे!" दादा हसला. मीही हसलो. पण मंडळी, थट्टेचा शब्दही समोरच्याच्या घरात जाऊन बसतो.

दादा नागपुरात ऑटो चालवतो. दोन खोल्यांचे घर. तीन पोरे. आम्ही पोचलो तेव्हा वहिनींनी दारात पाय धुवायला पाणी दिले. चहा दिला. रात्री जेवायला बसलो, तर ताटात हॉटेलातून आणलेले पनीर, तंदुरी रोटी आणि मिठाई. आम्ही पोटभर जेवलो. दादा पुन्हापुन्हा वाढत होता. वहिनी मात्र, "मला भूक नाही," म्हणाल्या.

रात्री मला जाग आली. पलीकडच्या खोलीतून हळू बोलणे ऐकू आले. वहिनी म्हणत होत्या, "ऑटोच्या हप्त्याचे पैसे होते ते. अजून तीन दिवस कसे करायचे?" दादा म्हणाला, "आत्या पहिल्यांदा आली आहे. तिच्यासमोर कमी पडायचे काय?"

माझ्या अंगावर काटा आला. मी सकाळी पैसे पुढे केले असते, तर दादाचा अपमान झाला असता. गप्प बसलो असतो, तर त्याचा हप्ता बुडाला असता. मला काही सुचेना. आईही जागी होती. तिनेही ऐकले होते.

सकाळी आईने आपले गाठोडे सोडले. त्यात ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, हिरव्या तुरीचे सोले, वांगी आणि फल्ली होती. ती वहिनींना म्हणाली, "सूनबाई, मले हे हाटेलचं नाई पचत वं. रातभर पोट गच्च होतं. माझ्यासाठी तुम्ही सारे भाकर खासाल काय?"

आईचे पोट ठणठणीत होते. मंडळी, ती खोटे बोलली. पण त्या बोलण्याने एका घराची अब्रू राखली गेली.

वहिनींचा चेहरा उजळला. आईने भाकरी थापल्या. वहिनींनी सोले-वांग्याची भाजी केली. वर फल्लीचा ठेचा. पोरे तर भाजीवर तुटून पडली. शेजारी एक कोष्ट्याचे घर होते. त्या घरी आईने भाकरी आणि भाजी पाठवली. संध्याकाळी तिकडून वाटीभर सावजी रस्सा आला.

सावजी जेवण नागपूरचे नामांकित. ते मूळचे विणकरांच्या, म्हणजे हलबा कोष्टी समाजाच्या घरचे. मसाला भाजून, बारीक वाटून केलेला काळपट लाल रस्सा. तिखट इतका, की डोळ्यांतून पाणी यावे! या लोकांच्या पिढ्या मागावर आणि गिरणीत राबल्या. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तिथेच जवळ गिरणी हवी, हा त्यांचा विचार. ती गिरणी आता बंद झाली आहे. पण पाहा, कापूस आपण पिकवला, कापड त्यांनी विणले. आणि त्या दिवशी आपली भाकर त्यांच्या रश्शात बुडाली.

दुसऱ्या दिवशी दादाने आम्हांला तर्री पोहे खायला नेले. नागपूरची सकाळ यानेच उजाडते. पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा घालतात. त्यावर लाल तेलाचा तवंग असतो, ती तर्री. गाडीवर पाटी होती. आई आपल्याच वर्गात अक्षर शिकली आहे. तिने पाटीवर बोट धरून वाचले, "त-र्री पो-हे." पुढचा भावही वाचला. मग तिने पदराच्या गाठीतून पैसे काढून आधीच देऊन टाकले. दादा "नको, नको" म्हणू लागला. आई म्हणाली, "पोरांना आजीने खाऊ द्यायचा नाही काय?" दादा गप्प झाला.

मग अजब बंगला पाहिला. हे वस्तुसंग्रहालय १८६३ सालचे आहे. दीक्षाभूमीवर गेलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दर दसऱ्याला तिथे गावोगावचे लाखो लोक येतात. तेव्हा रस्त्यारस्त्यावर लोक मांडव घालून येणाऱ्यांना फुकट जेवू घालतात. कुणाचे नाव-गाव विचारीत नाहीत. याला म्हणतात शहराचा पाहुणचार!

शेवटच्या दिवशी वहिनींनी गोळाभात केला. बेसनात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि तेल घालून घट्ट गोळे करायचे. भात शिजत आला की ते भातात ठेवून वाफ द्यायची. ताटात गोळा भातात कुस्करायचा आणि वरून गरम फोडणीचे तेल. खर्च थोडा, चव मोठी. त्या दिवशी वहिनी आमच्याबरोबर पोटभर जेवल्या. मला त्याचेच समाधान वाटले. निघताना आम्ही संत्री घेतली. थोडी संत्रा बर्फी घेतली. अर्धी पोरांच्या हातात दिली.

तर मंडळी, यातून मी काय शिकलो? ते थोडक्यात सांगतो.

पाहुण्याने जाण्याआधी कळवावे. पण फर्माईश करू नये. रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या शेतातले पीठ, डाळ, भाजी शहरात सोन्यासारखी असते. यजमानाचे घर लहान असेल तर लवकर निघावे. आपल्यात म्हणच आहे, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." आम्ही चार दिवस राहिलो. तेवढी आमची अक्कल कमीच!

बाहेर खाताना डोळे उघडे ठेवावे. समोर गरम तयार होते, झाकून ठेवतात, ते खावे. भाव आधी वाचावा. आता तुम्हांला वाचता येते. मग विचारायला लाजण्याचे कारण नाही.

आणि यजमानाने? त्याने अंथरूण पाहून पाय पसरावे. घरात जे असेल ते हसून वाढावे. कर्ज काढून वाढलेले पनीर पाहुण्याला गोड लागत नाही. त्याला कळले, तर घास घशात अडकतो.

पुढच्या पोळ्याला दादा, वहिनी आणि पोरे आपल्या गावी आली. मी उत्साहाने म्हणालो, "वहिनी, यवतमाळहून काही मागवू काय?" वहिनींनी आईकडे पाहिले आणि हसून म्हणाल्या, "नको भाऊजी. मले हाटेलचं नाई पचत."

वहिनींना तेव्हाच सारे कळले होते. आई काही बोलली नाही. तिने चुलीवर तवा ठेवला.

इतके बोलून मी थांबतो. राम राम.