घराची निरवानिरव

(सोलापूर येथील सहाय्यक मेळाव्यात केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला मृत्युपत्रावर बोलायला सांगितले, तेव्हा आमच्या घरातून लगेच आवाज आला, "मेळाव्याच्या दिवशी हे कसले अभद्र?" मी म्हणालो, हिज्किया राजा आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याला आधी घराची व्यवस्था लावायला सांगितले. तो पुढे पंधरा वर्षे जगला. मृत्युपत्र लिहिले म्हणून कोणी लवकर जात नाही.

आमच्या घरात ते लिहिले गेले नाही. वडील गिरणीत होते. फंडाच्या पैशातून त्यांनी चार खोल्या बांधल्या, पुढच्या दोन राहायला, मागच्या दोन भाड्याला. ते वारले तेव्हा एक ओळही लिहिलेली नव्हती. मोठा भाऊ आईजवळ राहिला, म्हणून घर आपले असे तो समजत होता. बहीण लग्न होऊन पुण्याला गेली, म्हणून तिचा संबंध संपला असे आम्ही तिघे भाऊ समजत होतो. दोन्ही समज चुकीचे.

आपल्याला हिंदू वारसा कायदा लागू नाही. आपल्यासाठी 1925 चा भारतीय वारसा कायदा आहे. मृत्युपत्र नसेल, तर घराचा एक तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींचे, सारखे. आमच्यात आईचा तिसरा हिस्सा आणि आम्हा चौघांना प्रत्येकी सहावा. बहिणीलाही सहावा, मोठ्या भावालाही सहावाच. सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेसमोर उभे राहून वाटा मागितला ती गोष्ट आम्ही रविवारच्या शाळेत पाठ केली होती. घरात आठवली नाही.

आई दर हंगामाच्या सणाला मंडळीत उभी राहून सांगायची, "माझ्यामागे मागच्या दोन खोल्यांचे भाडे वसतिगृहातल्या मुलांना." तुमच्यातल्या कितीतरी जणांनी ते ऐकले आहे. पण मंडळीने ऐकलेले कोर्टात चालत नाही. आई गेली, तिचा तिसरा हिस्सा आमच्या चौघांत वाटला गेला, प्रत्येकाचा चौथा भाग झाला आणि भांडण सुरू झाले. बहीण म्हणाली, आईचा शब्द पाळू. मोठा भाऊ म्हणाला, कागद दाखवा. मी गप्प बसलो. ते आज तुमच्यासमोर कबूल करतो. भाडेकरू कंटाळून गेला, खोल्यांना कुलूप लागले आणि वसतिगृहाला एक रुपयाही मिळाला नाही.

खरे तर आईला काय लागले असते? साधा कागद. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले बरे, कारण पुढे सही खरी की खोटी हा वाद कमी होतो. दोन साक्षीदार हवेत, आणि त्यांनी तुमच्या समोर सही करायला हवी. एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याला काही द्यायचे आहे त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला वा बायकोला, साक्षीला घेऊ नका. मृत्युपत्र टिकते, पण त्या माणसाला दिलेले बाद होते. वसतिगृहाला काही देणार असाल, तर समितीतल्या आम्हा कोणालाच साक्षीला बोलावू नका. लोकांना बोलायला जागाच नको. आणि लग्नाआधी केलेले मृत्युपत्र आपल्या कायद्यात लग्नानंतर रद्द होते. दुसरे लग्न करणाऱ्यांनी हे विसरू नये. घराचे वर्णन मालमत्ता पत्रकावरून, सिटी सर्व्हे नंबरासह उतरवून घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीत नाव लावलेला नॉमिनी म्हणजे मालक, असेही समजू नका.

जुन्या मंडळींच्या मनात एक भीती आहे, ख्रिस्ती माणसाला धर्मादायाला घर देता येत नाही अशी. ती उगाच नाही. जवळचे नातेवाईक असतील, तर असे मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेले आणि सहा महिन्यांच्या आत रीतसर जमा केलेले असावे लागे. केरळातले फादर जॉन वल्लामट्टम सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2003 मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरले. आता अडचण नाही.

दुसरी अडचण मात्र आहे. घर ट्रस्टच्या नावावर आले की ते विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. म्हणून पडके घर द्यायचे असेल, तर एक्झिक्युटरने ते विकून पैसे द्यावेत असे लिहा. आणि पोरांच्या डोक्यावरचे छप्पर काढून आम्हाला देऊ नका. तसले दान समितीलाही जड जाईल.

ज्या मुलांसाठी आपण देतो त्यांच्या आईबापांबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या शहरात सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवले जाई, हजेरी घेतली जाई. अमेरिकन मराठी मिशननेही त्या वसाहतीचा कारभार काही काळ पाहिला. 1952 मध्ये कायदा गेला. पण त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे आजही राहत्या झोपडीचा कागद नाही, मग मृत्युपत्रात लिहिणार काय? ज्या आदिवासी कुटुंबाकडे जमीन आहे, तिला महसूल संहितेचे 36 अ कलम जपते. सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय ती बिगर आदिवासीला विकता येत नाही, दानही देता येत नाही. कोणी प्रेमाने म्हणाले, "साहेब, प्रार्थनाघरासाठी दोन गुंठे घ्या", तर स्टॅम्पवर लिहून घेऊ नका. आपल्या चांगल्या कामासाठीसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे भावंडे त्या घराच्या ओट्यावर बसलो. बहिणीने तिचा चौथा भाग मृत्युपत्रात वसतिगृहाच्या नावे लिहिला आहे, मी माझ्यातला अर्धा. धाकट्याने विचार करतो म्हणून सांगितले. मागच्या खोल्यांची किल्ली अजून मोठ्या भावाकडेच आहे, पण चहा त्यानेच केला.