पदसमूह आणि उपवाक्य : भेद ओळखण्याची खूण


इंग्रजीतील पदसमूह व उपवाक्य यांच्या व्याख्या मुले पाठ म्हणतात. वाक्य समोर येताच मात्र गोंधळतात. दोष मुलांचा नव्हे. ‘बिफोर सनराइझ’ हा पदसमूह. ‘बिफोर द सन रायझेस’ हे उपवाक्य. आरंभीचा शब्द एकच. परंतु दुसऱ्यात ‘सन’ हा कर्ता असून ‘रायझेस’ हे काळ दाखविणारे क्रियापद आहे. मराठीत आपण ‘सूर्योदयापूर्वी’ म्हणतो, तसेच ‘सूर्य उगवण्यापूर्वी’ही म्हणतो; दोहोंतही काळ दाखविणारे क्रियापद नाही. म्हणूनच आपल्या मुलांना हा भेद सहज जाणवत नाही. यास्तव व्याख्या सांगण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : यात कर्ता आहे काय? त्याचे क्रियापद काळ दाखविते काय? दोन्ही असतील तर उपवाक्य, एरव्ही पदसमूह. शब्दांच्या संख्येवरून निर्णय करू नये.