सर्दी, फ्लू की कोरोना?

(मंडळाच्या गणेशोत्सवात इंदूर येथे २०२२ साली केलेले भाषण)



आम्ही सरकारी प्रयोगशाळेत तपासण्या करणारी माणसे, डॉक्टर नव्हे. गेली दोन-अडीच वर्षे एक प्रश्न आम्हाला रोज ऐकावा लागतो : "भाऊ, लक्षणांवरून सांगा ना, सर्दी आहे, फ्लू आहे की कोरोना?" आमचे उत्तर एकच. लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, निदान होत नाही.

साधी सर्दी हळूहळू येते. शिंका, वाहते नाक, घशात खवखव. ताप नसतो किंवा बेताचा असतो. फ्लू एकदम गाठतो. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो, अंग मोडून येते. २००९ सालचा स्वाइन फ्लू हाही फ्लूच. त्याचा देशातला पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. तो विषाणू नंतर नाहीसा झाला नाही. आजही फिरतो आहे.

कोरोनाची खूण म्हणजे वास आणि चव जाणे, असे आपण सगळे शिकलो. पण ओमायक्रॉन आल्यापासून ही खूण बरीच कमी झाली आणि घसादुखी, नाक गळणे वाढले. म्हणजे कोरोना आता सर्दीचेच कपडे घालून येतो! "मौसम बदलला, दुसरं काय?" असे म्हणून चालणार नाही.

नाव कळून फायदा काय? ओसेल्टामिविर हे औषध फ्लूवर चालते, कोरोनावर नाही. आणि पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वाधिक. अँटिबायोटिक मात्र यांपैकी कोणत्याच विषाणूवर चालत नाही. तेव्हा दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका.

तपासणीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, पण लक्षणे आहेत, तर आरटीपीसीआर करा. आणि कोरोना निगेटिव्ह म्हणजे फ्लू नाही, असे नव्हे. आम्ही ज्या विषाणूची तपासणी लिहून आली, तोच शोधतो. फ्लूची तपासणी हवी का, हे डॉक्टरांना विचारा.

धाप लागली, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, छातीत दुखू लागले, ओठ निळसर झाले, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर रिपोर्टची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नका.

दोन वर्षांनी मंडप पुन्हा भरला आहे, याचा आनंद मोठा आहे. आपले आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसले आहेत. म्हणून एवढेच मागणे : ज्याला ताप-खोकला असेल, त्याने आरती घरी म्हणावी आणि घरातही मास्क लावावा. आजाराचे नाव नंतर कळेल. काळजी आधी घेता येते.

गणपती बाप्पा मोरया!