हाक कोणाची?



रात्री अकराच्या सुमारास दारावर थाप पडते. आपण आतून विचारतो, "कोण आहे?" बाहेरून उत्तर येते, "मी." आणि आपण निमूटपणे कडी काढतो. हा 'मी' कोण, हे विचारण्याची आपल्याला गरज वाटत नाही, कारण आवाज घरचा असतो. परंतु हाच 'मी' जेव्हा आगीच्या धुरातून, सायरनच्या गोंगाटातून आणि खरखरणाऱ्या बिनतारी संचातून येतो, तेव्हा तो कोणाचाच नसतो. बंबावरचे आणि रुग्णवाहिकेवरचे कामगार वायरलेसवर बोलताना आपली ओळख कशी देतात, आणि ती का द्यावी, हा आमचा आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. पण या लहान विषयाने आम्हांला एकदा मोठा धडा दिला आहे, आणि तो आमच्या स्वतःच्या चुकीचा असल्यामुळे आरंभीच सांगून टाकणे बरे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका मध्यम शहराच्या अग्निशमन दलात आमची युनियन होती. एके दिवशी वरून परिपत्रक निघाले, की वायरलेसवर बोलणाऱ्याने प्रत्येक वेळी आधी आपल्या गाडीचा संकेत सांगावा आणि कंट्रोल रूमने तो वेळेसह वहीत नोंदवावा. कामगार भडकले. त्याआधीच्या वर्षात 'वर्दीवर उशिरा पोहोचला' म्हणून तिघांना मेमो मिळाले होते. आपल्याला वहीत पकडण्याचा हा नवा डाव आहे, असे त्यांना वाटले. आम्हांलाही तसेच वाटले. आम्ही गेटवर सभा घेतली आणि गर्जना केली, "आम्ही माणसे आहोत, नंबर नव्हे!" टाळ्या चांगल्या पडल्या. परिपत्रक मागे घेतले गेले, आणि आम्ही तो विजय मानला.

त्यानंतर काही महिन्यांनी तेथे कापडाच्या एका गोदामाला आग लागली. एक बंब दर्शनी बाजूस होता, दुसरा मागच्या बोळात. मागच्या बंबाच्या नळीचे कपलिंग सुटले, तेव्हा तिकडून कोणीतरी घाईने संचावर ओरडला, "पाणी बंद करा, पाणी बंद करा!" कोण बोलले, कोणाला बोलले, काही नाही. दर्शनी बंबाच्या पंपावरील माणसाला वाटले, ही हाक आपल्याचसाठी आहे. त्याने पाणी तोडले. त्या वेळी त्याचे दोन सोबती जिन्यावर आगीसमोर नळी धरून उभे होते. पुढे असलेल्या तरुणाचे हात भाजले. तो वाचला. पण उजव्या हाताची दोन बोटे आजही वळत नाहीत. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही. भेटला की नमस्कार करतो, आणि नमस्कार करताना ती दोन बोटे दुसऱ्या हाताला जुळत नाहीत. गेटवरच्या त्या टाळ्या आम्हांला तेव्हापासून आठवतात.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास करू लागलो. शाळा आमची सातवीला सुटली. त्यामुळे जे शिकलो ते बंबावरच्या माणसांना विचारून आणि मिळेल ते वाचून. त्यातले चार मुद्दे आपल्यापुढे ठेवतो.

पहिला मुद्दा यंत्राचा. टेलिफोनवर दोघांना एकाच वेळी बोलता येते. वायरलेसच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दोघांनी एकदम बटण दाबले तर एक दुसऱ्याला झाकून टाकतो, नाहीतर दोघांचाही चिवडा होतो. शिवाय बटण दाबल्याबरोबर बोलू लागले, तर पहिले अक्षर अनेकदा पोहोचतच नाही. आता आपली मराठी पाहा. 'सहा' आणि 'दहा' यांत फरक एवढा पहिल्या अक्षराचाच. ते गळाले की दोघांचाही 'हा' उरतो! 'सात' आणि 'साठ' यांचीही तीच गत. 'सदुसष्ट' आणि 'अडुसष्ट' तर समोरासमोर बोलतानाही चुकतात. म्हणून जाणकार सांगतात, की बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला, आणि मोठी संख्या असेल तर एकेक अंक सुटा सांगा. सदुसष्ट म्हणू नका, 'सहा, सात' म्हणा.

दुसरा मुद्दा क्रमाचा. आपल्या भाषेत दोन सुंदर शब्द आहेत, 'हाक' आणि 'ओ'. हाक मारणाऱ्याने ओ येईपर्यंत थांबावयाचे असते. वायरलेसची सारी शिस्त या दोन शब्दांत आहे. आधी ज्याला बोलावयाचे त्याचे नाव घ्यावे, म्हणजे त्याचा कान जागा होतो. लगेच आपले नाव सांगावे, म्हणजे ओ कोणाला द्यावयाची ते त्याला कळते. "कंट्रोल, बंब तीन." "बंब तीन, बोला." मग निरोप, आणि ऐकणाऱ्याने तो निरोप थोडक्यात उलट म्हणून दाखवावयाचा. काही दलांत आपले नाव आधी आणि दुसऱ्याचे मागून, असाही प्रघात आहे. कोणताही ठेवा, परंतु एका शहरात सर्वांचा एकच असू द्या. एवढ्याने चार सेकंद जातात. आमच्या गोदामात "बंब एकचा पंप, बंब दोन बोलतो" एवढे शब्द त्या हाकेआधी आले असते, तर दर्शनी पंपावरील माणसाने हात आवरला असता.

तिसरा मुद्दा नावांचा. 1970 साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात रानाला प्रचंड वणवे लागले. 13 दिवसांत 16 माणसे गेली, सुमारे 700 घरे व इमारती जळाल्या आणि पाच लाख एकरांहून अधिक जमीन होरपळली. अनेक दले मदतीला धावली, पण प्रत्येकाचे वायरलेस वेगळे आणि प्रत्येकाची परिभाषा वेगळी. त्यानंतर 'फायरस्कोप' नावाच्या योजनेतून त्यांनी सर्वांसाठी समान नावे आणि साधी, उघड भाषा ठरविली. एक उदाहरण मौजेचे आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात 'टँकर' म्हटले, की बाया घागरी घेऊन धावतात. अमेरिकेतही कित्येक ठिकाणी टँकर म्हणजे पाण्याची गाडीच, परंतु पश्चिमेकडच्या वणव्यांवर टँकर म्हणजे पाणी किंवा औषध ओतणारे विमान! एकाने गाडी मागवावी आणि दुसऱ्याने आकाशाकडे पाहावे, असा प्रकार. तेव्हा विमानालाच टँकर म्हणावयाचे आणि गाडीला 'टेंडर', असे ठरले. शेजारच्या नगरपालिकेचा बंब आपल्या मदतीला येतो, तेव्हा दोन्हीकडे 'बंब एक' असतोच. म्हणून संकेतात गावाचे नाव हवे. आपल्या राज्यात 108 क्रमांकाची सेवा 2014 साली 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. एवढ्या ताफ्यात नुसते "गाडी पुलाजवळ पोहोचली" म्हणून कोणास काय कळणार? कोणती गाडी, कोणता पूल, आणि पुलाची कोणती बाजू? समजा, दोन अपघातांची वर्दी एकाच वेळी आली आणि दोन्ही गाड्यांनी असे अर्धवट निरोप दिले, तर एका जखमीपाशी दोन गाड्या आणि दुसऱ्यापाशी एकही नाही, असे व्हावयास कितीसा वेळ?

चौथा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गिरणीतल्या आणि खाणीतल्या कामगाराला बिल्ला नवा नाही. खाणीत उतरणाऱ्याचा बिल्ला वर फळ्यावर टांगलेला राहिला, तर खाली माणूस अडकला आहे हे कळते. 23 जानेवारी 1958 रोजी लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरांना आग लागली. त्या भूलभुलय्यात शिरलेले अग्निशमन दलाचे दोघेजण वाट चुकले, त्यांचा प्राणवायू संपला आणि ते गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये श्वसनयंत्र लावून आत जाणाऱ्याने आपला बिल्ला दाराशी द्यावयाचा, आणि तेथील माणसाने त्याचे नाव, आत जाण्याची वेळ आणि हवेचा साठा फळ्यावर मांडावयाचा, अशी पद्धत पडली. वायरलेसवरचा संकेत हा त्या बिल्ल्याचा भाऊ आहे. बिल्ला सांगतो, कोण आत गेला. संकेत सांगतो, तो अजून आत आहे आणि बोलतो आहे. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये अग्निशमन दलाचे 343 लोक मृत्युमुखी पडले. बाहेर पडण्याचा हुकूम सर्वांना ऐकू गेला नाही. वाहिनीवर बोलणाऱ्यांची दाटी झाली होती, आणि सुट्टीवर असूनही धावून आलेल्या कित्येकांजवळ संचच नव्हता. ज्याच्याजवळ संच नाही त्याला हाकही नाही आणि ओही नाही.

कोणी म्हणेल, आता नवे संच आले आहेत, बोलणाऱ्याचा क्रमांक आपोआप पडद्यावर उमटतो. खरे आहे. परंतु तो क्रमांक संचाचा आहे, माणसाचा नव्हे. पाळी बदलली, संच दुसऱ्याच्या हाती गेला, की पडदा तेच सांगत राहतो. शिवाय धुरात उभा असलेला सोबती पडदा पाहत नाही, तो कान देतो.

आता जरा कडू बोलावयाचे आहे. आपल्याकडे वायरलेसवर सर्वांत अधिक ऐकू येणारा संकेत कोणता? 'साहेब'! "साहेब, बोला." "हो साहेब." एका मोठ्या आगीवर चार साहेब तरी असतात. आणि साहेबाला विचारावे, "कोण बोलतंय?" तर उत्तर, "आवाज ओळखत नाही का?" वरिष्ठाला संकेताने हाक मारणे हा अपमान नव्हे. या नियमाची सुरुवात वरच्या पायरीपासून झाली पाहिजे. साहेब आपला संकेत सांगू लागले, तर शिपाई न सांगता राहणार नाही.

आणि आमच्या कामगार बंधूंनाही सांगणे आहे. संकेतावर नोंदलेली वेळ मेमोसाठी वापरली जाते, हे दुःख खोटे नाही. त्याविरुद्ध भांडू या. नोंदवहीची प्रत कामगारालाही मिळाली पाहिजे, ही मागणी करू या. तीच वही उद्या आपल्या बाजूने साक्ष देईल, की गाडी वेळेवर निघाली होती आणि फाटक बंद होते. परंतु संकेतालाच नकार देणे म्हणजे मालकावर रागावून आपल्याच शिडीची पायरी काढून टाकणे आहे. आम्ही ती एकदा काढली आहे. 'आम्ही नंबर नव्हे' असे आम्ही म्हणालो होतो. आज म्हणतो, जो नंबर हाकेला ओ मिळवून देतो, तो माणसाचा मान आहे.

श्रोतेहो, आपणही यात आहात. 101 किंवा 108 ला फोन कराल तेव्हा "लवकर या हो!" म्हणून खाली ठेवू नका. आधी ठिकाण सांगा, जवळची खूण सांगा, आपले नाव व फोन क्रमांक सांगा, आणि पलीकडचा माणूस ठेवा म्हणेपर्यंत फोन धरून ठेवा. रुग्णवाहिकेच्या चालकाला त्या सेवेत 'पायलट' म्हणतात. त्या पायलटच्या कानी जाते ते आपण सांगितलेले तेवढेच. आणि आपल्या नगरसेवकाला एक प्रश्न विचारा. आपल्या बंबावर आत जाणाऱ्या प्रत्येकाजवळ चालू संच आहे काय, आणि तो ऐकणारा माणूस दाराशी बसविलेला आहे काय?

 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या स्फोटके भरलेल्या जहाजाला आग लागली, आणि आग विझवावयास गेलेले 66 अग्निशामक स्फोटांत गेले. दरवर्षी आपण त्यांना वंदन करतो, ते योग्यच आहे. पण मेल्यावर नावे वाचण्याची आपली तयारी असते, तितकीच ती माणूस आत असताना ऐकण्याची असावी. पुढच्या वेळी आगीच्या पोटातून कोणी "मी" म्हणेल, तेव्हा तो कोण, कोठे आहे आणि त्याच्यासोबत किती जण आहेत, हे बाहेर एकाला तरी ठाऊक असावे, एवढेच आमचे मागणे आहे.