दोर शाळेला, झेला झाडाला



शाळेच्या आठवणी बऱ्याच जणांनी सांगितल्या. मी अशा एका माणसाबद्दल बोलणार आहे, ज्यांचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नव्हतं, तरी आपण सगळे त्यांना ओळखत होतो. आवारातल्या गावरान झाडाचे आंबे उतरवायला, चिंचा झोडायला आणि पावसाळ्याआधी वाळक्या फांद्या काढायला येणारे मामा. आपण मामाच म्हणायचो, म्हणून इथेही तेवढंच म्हणते.

मामा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचं सामान त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तिघांकडे आहे. ते शाळेत काचेच्या कपाटात ठेवावं, असं आपल्या बैठकीत ठरलं आणि मागायला आम्ही दोघी-तिघी गेलो. त्यांनी आपसात बोलून सांगितलं, "ताई, दोर घेऊन जा. झेला देता येत नाही."

त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. झेला म्हणजे लांब वेळू, टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळी आणि वर पातं. आंबा देठासकट कापला जाऊन जाळीत पडतो. बोटभर देठ राहिला पाहिजे, हा मामांचा कटाक्ष. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर उडतो, साल काळी पडते आणि आढीत तिथूनच कूज धरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं जो 'नूतन झेला' तयार केला, तोही देठासकट आंबा काढण्यासाठीच. मामांच्या झेल्याची जाळी दोनदा, पातं तीनदा बदललं आहे. वेळू मात्र तोच, हातानं घासून गुळगुळीत झालेला. पुढच्या वैशाखात तो लागणार आहे. कपाटात ठेवून काय करायचं?

दोराची गोष्ट उलटी. तो अंबाडीच्या वाखाचा, मामांनी स्वतः वळलेला. त्यांचा नियम असा, की एक पीळ उसवलेला दिसला, की त्या दोरानं पाटी खाली सोडा, पण माणूस बांधू नका. तो दोर मामांनीच बाद केला होता. आज ही मंडळी नायलॉनचा दोर वापरतात, पण चढण्याआधी तो सगळा हातातून सरकवून बघतात. दोर बदलला, बघणं बदललं नाही.

मामांची बाकीची शिकवण त्या तिघांच्या तोंडून मी लिहून घेतली. "आधी फांदीला इचार, मंग पाय दे." दोन हात आणि दोन पाय, यातले तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. चिंच वाकते, पण शेवगा आणि जांभूळ न सांगता मोडतात. झाड ओलं असेल तर मालक कितीही मोठा असो, नाही म्हणायचं. आणि शेंड्याचे आंबे पाखरांचे.

हे शेवटचं वाक्य मी लहानपणी दयाधर्म म्हणून ऐकलं होतं. तिघांतला थोरला म्हणाला, "ताई, शेंड्याची फांदी माणसाला पेलत नाही. चार आंब्यांसाठी कुणी वर जाऊ नये, म्हणून ते पाखरांच्या नावावर करून टाकलं." आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही असं होतं. जुन्या प्रोग्राममधली एखादी ओळ नव्या माणसाला बिनकामाची वाटते आणि तो ती पुसतो. ती का लिहिली, हे कुणी सांगितलेलं नसतं. इथे त्याची किंमत जिवानं मोजावी लागते.

आज आपल्याकडे केशरच्या बागा वाढल्या. मराठवाडा केशरला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंदच आहे. पण ती कलमी झाडं छाटून बुटकी ठेवतात, बरेच आंबे जमिनीवरून काढता येतात. बांधावरचा गावरान आंबा तीन मजले उंच. उतरवणारा मिळत नाही, आंबे खाली पडून फुटतात आणि शेवटी झाड लाकडाच्या भावानं जातं. चढणारा माणूस कमी झाला, की झाडही कमी होतं.

म्हणून दोन विनंत्या. कपाटात दोर ठेवू, पण त्याच्या शेजारी तो बाद का केला हे मोठ्या अक्षरात लिहू, म्हणजे पोरांना कळेल. आणि ज्यांच्या बांधावर, वाड्यात जुनी झाडं आहेत, त्यांनी लाकूडवाल्याच्या आधी या तिघांना बोलवावं. त्यांचे नंबर शाळेच्या ऑफिसात दिले आहेत. मजुरीत घासाघीस करू नका. ते "आज झाड ओलं आहे" म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी बोलवा. ते मामांचंच बोलणं आहे असं समजा.