काचेच्या दारापलीकडे

आंब्यांचा मोसम असतो, लग्नांचा असतो, तसा चित्रप्रदर्शनांचाही एक मोसम असतो. मुंबईत तो पावसाळा सरता सरता सुरू होतो. कारण अगदी व्यवहारातलं आहे. दमट हवेत कागदाला बुरशी धरते, चौकटीचं लाकूड फुगतं आणि मोठी चित्रं भर पावसात टेम्पोतून न्यायची म्हणजे जिवाला घोर. म्हणून पाऊस ओसरू लागला, की कुलाबा-फोर्ट भागातल्या गॅलऱ्या भिंतींना पांढऱ्या रंगाचा नवा हात देतात आणि मोसमातलं पहिलं प्रदर्शन मांडतात.

जहांगीर कलादालनात आपण सहज शिरतो. १९५२ पासून ते रस्त्यालगत उघडं आहे. पण खासगी गॅलरी म्हटली, की पाय अडखळतो. जुनी इमारत, वरचा मजला, काचेचं दार आणि आत चिटपाखरू नाही. ‘इथे आपलं काय काम?’ असं वाटतं.

वास्तविक काम आपलंच आहे. जहांगीरमध्ये चित्रकार अर्ज करतो, कित्येक वर्षं थांबतो आणि भाडं भरून त्याला भिंती मिळतात त्या एका आठवड्यासाठी. खासगी गॅलरीचा हिशेब निराळा. ती आपले मोजके कलावंत निवडते, भाडं घेत नाही, मात्र विक्रीतला मोठा वाटा, बहुधा निम्मा, स्वतःकडे ठेवते. प्रदर्शन महिना-दीड महिना चालतं. एकेकाची पाळी दोन-तीन वर्षांनी येते, त्यामुळे भिंतीवर त्याची तेवढ्या वर्षांची मेहनत असते. ती पाहायला शे-दीडशे ओळखीची माणसंच आली, तर कोट्यवधींच्या शहरात हे चित्र कुणासाठी काढलं?

केकू आणि खोर्शेद गांधी चौकटी बनवण्याच्या धंद्यातून या क्षेत्रात आले. त्यांनी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर ‘केमोल्ड’ सुरू केली. खाली आलेला माणूस जिना चढून वर जाई. २००७ मध्ये ती फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडवर गेली. जागा ऐसपैस मिळाली, पण तो जिना तुटला, असं मला वाटतं.

उलट दिशेचा प्रयत्नही झालेला आहे. ठाण्यात डॉक्टरी केलेले चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००८ च्या सुमारास समकालीन चित्रांचं एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवलं. असे प्रयत्न पुन्हा पुन्हा व्हायला हवे होते.

तोवर आपणच जावं. तिकीट नसतं. उद्घाटनाच्या संध्याकाळी मात्र जाऊ नका, तेव्हा चित्रांपेक्षा पाठीच जास्त दिसतात! एखाद्या दुपारी जा. सगळं पाहण्याचा अट्टहास नको, दोनच चित्रांपुढे दहा-दहा मिनिटं उभे राहा. टेबलाशी बसलेल्या मुलीकडे माहितीचा कागद मागा, किंमतही बिनदिक्कत विचारा. विचारलं म्हणजे घेतलंच पाहिजे, असं नाही. फक्त रविवारी बऱ्याच खासगी गॅलऱ्या बंद असतात, तेव्हा शनिवार गाठा.